वाळूत पालाश टिकत नाही, मग मोहरीला द्यायचा कसा?

जानेवारीच्या अखेरीस हरियाणातल्या महेंद्रगड, भिवानीकडच्या रेताड शिवारांत मोहरी शेंगांवर आलेली असते. लांबून सगळं पिवळंधमक दिसतं. पण वाकून बुडाजवळची जुनी पानं पाहिली, तर काही शेतांत पानाची कड आधी पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी भाकरीची कड करपावी तशी करपलेली आढळते. पानाचा मधला भाग मात्र हिरवाच असतो. पाहणारा म्हणतो, पाणी कमी पडलं किंवा थंडी लागली. तसं असूही शकतं. पण आधी खालच्या पानांवर दिसणारं आणि कडेकडून आत सरकणारं करपणं ही पालाशच्या, म्हणजे पोटॅशियमच्या, उपासमारीची जुनी खूण आहे. शेतकऱ्याला ती दिसते तोवर त्या हंगामात फारसं काही करता येत नाही.

मोहरीवर सध्या बरंच बोललं जातं. आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ते कमी व्हावं म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. जनुकबदल केलेल्या डीएमएच-११ या वाणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. वाण आणि हमीभाव यांवर पानंच्या पानं छापून आली. वाण कोणताही असो, तो ज्या मातीत उभा राहणार तिच्या पोटात काय उरलंय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. देशातली जवळजवळ निम्मी मोहरी एकट्या राजस्थानातून येते आणि तिथली व शेजारच्या हरियाणातली बरीच मोहरी रेताड जमिनीवर उभी असते. म्हणून आपल्या फोडणीतल्या चमचाभर मोहरीसाठीही हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे.

पालाश म्हणजे काय?

खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश. पालाश म्हणजे पोटॅशियम हे मूलद्रव्य. पूर्वी युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवत आणि खाली उरलेला क्षार वापरत. 'भांड्यातली राख' या अर्थाच्या शब्दावरून पोटॅश हे नाव आलं. ही राखेची गोष्ट लक्षात ठेवा. जाळल्यावर नत्र हवेत उडून जातो, पालाश बहुतांशी राखेत मागे राहतो. पुढे ही राख पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

बाजारात मिळणारं नेहमीचं पालाशयुक्त खत म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, शेतकऱ्यांच्या तोंडी एमओपी. त्यात ६० टक्के पालाश (खतांच्या हिशेबात ऑक्साइडच्या रूपात मोजलेला) असतो. म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून ३० किलो पालाश मिळतो.

हा झाडाच्या शरीराचा भाग होत नाही, मग करतो काय?

नत्रापासून प्रथिनं बनतात. स्फुरद पेशींच्या बांधणीत शिरतो. पालाश असा कशातही कायमचा अडकून बसत नाही. तो झाडाच्या रसात विरघळलेला फिरत राहतो आणि साठाहून जास्त विकरांना (एन्झाइमांना) कामाला लावतो.

पाण्याशी त्याचं नातं घरातल्या उदाहरणाने कळेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, कारण जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी धावतं. झाड हाच नियम उलट्या बाजूने वापरतं. ते पालाश आपल्या पेशींच्या आत साठवतं, त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि पेशी टरटरून फुगते. पानावर अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राला ओठांसारख्या दोन पेशी. त्यांच्यात पालाश शिरला की त्या फुगतात आणि छिद्र उघडतं. पालाश बाहेर पडला की छिद्र मिटतं. पालाश कमी असेल तर ही उघडझाप ढिली पडते. ज्या भागात सगळा हंगाम एक-दोन पाण्यांवर काढायचा असतो, तिथे गळणाऱ्या नळासारखं हे झाड पाणी वाया घालवतं.

दुसरं काम वाहतुकीचं. पानात तयार झालेली साखर शेंगेपर्यंत पोहोचायला पालाश लागतो, आणि मोहरीचं तेल त्या साखरेपासूनच बनतं. वाहतूक अडली की दाणा बारीक राहतो. पालाश दिल्यावर दाण्यातल्या तेलाची टक्केवारी फार उसळी मारते असं मात्र कुणी सांगितलं तर जपून ऐका. ती थोडीच हलते. मोठा फरक पडतो तो एकूण उत्पादनात, आणि म्हणून हेक्टरी तेलात.

साखर अशी रसात तुंबून राहिली की मावा खूश होतो. मोहरीवरचा मावा हा या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू. भरपूर युरिया आणि पालाश नाही, अशा शेतात पानं लुसलुशीत होतात आणि रस गोड राहतो. हे माव्याला दिलेलं आमंत्रणच. पालाश म्हणजे कीटकनाशक नव्हे, पण पोट भरलेलं झाड मार जास्त सोसतं. जानेवारीत दव गोठण्याइतकी थंडी पडते तेव्हाही हेच दिसतं, कारण पेशीतल्या रसात क्षार जास्त असेल तर तो लवकर गोठत नाही.

वाळूची अडचण: कणगी आहे, डबा नाही

मातीतला पालाश चार ठिकाणी असतो. मातीतल्या ओलाव्यात विरघळलेला पालाश म्हणजे ताटातला घास. मुळं तो थेट उचलतात. मातीच्या कणांवर सैल चिकटून बसलेला पालाश म्हणजे डब्यातलं पीठ. ताट रिकामं झालं की त्यातून भाकरी होते. तिसरा काही खनिजांच्या पापुद्र्यांत अडकलेला असतो, तो कणगीतल्या धान्यासारखा. दळायला वेळ लागतो, पण मिळतो. चौथा दगडासारख्या खनिजात बंद असतो. एकूण पालाशपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त असाच बंद असतो आणि पिकाच्या एका हंगामात त्यातला जवळजवळ काही हाती लागत नाही.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. भिंतीला खुंट्या असाव्यात तसा. धन भाराचा पालाश त्या खुंट्यांना अडकून राहतो. वाळूच्या कणाला अशा खुंट्या जवळजवळ नसतात. त्यामुळे रेताड जमिनीत डबाच लहान. आज भरपूर खत टाकलं तरी ठेवायला जागा नाही, आणि जोराचा पाऊस किंवा मोकाट पाणी आलं की जास्तीचा पालाश मुळांच्या खाली उतरून जातो.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुळाजवळचा पालाश संपला की दूरचा पालाश मातीच्या कणांभोवतीच्या ओलाव्याच्या पातळ थरातून हळूहळू मुळाकडे सरकतो. वाळू लवकर सुकते, थर तुटतो आणि रस्ता बंद होतो. म्हणजे साठा थोडा आणि तोही पोहोचत नाही.

मग इतकी वर्षं कसं भागलं?

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि उत्तर त्या वाळूतच आहे. राजस्थान-हरियाणाची वाळू कोकणातल्या धुपून गेलेल्या मातीसारखी नाही. कोरड्या हवेत तिच्यातली खनिजं फारशी झिजलेली नाहीत. तिच्यात अभ्रक असतं. अभ्रकाचे पापुद्रे नखाने सोलता येतात हे आपण लहानपणी पाहिलेलं असतं. त्या पापुद्र्यांच्या मधे पालाश डकवलेला असतो आणि थोडाथोडा सुटत राहतो. खरिपात बाजरी, रब्बीत मोहरी, उत्पादन बेताचं, जनावरं भरपूर, असं होतं तोवर हा झरा पुरला.

मग सिंचन आलं, आरएच ७२५ सारखे जास्त देणारे वाण आले आणि युरिया वाढला. जास्त पीक म्हणजे जास्त उचल. त्यात १ एप्रिल २०१० पासून पालाश आणि स्फुरदाच्या खतांना पोषकद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं, म्हणजे सरकारने अनुदान ठरवून दिलं आणि किंमत कंपन्यांवर सोडली; युरियाची किंमत मात्र बांधलेलीच राहिली. तोवर एमओपी टनाला ४,४५५ रुपयांना मिळत होतं, म्हणजे पोतं सव्वादोनशेच्या आत. त्यानंतर ते कित्येक पटींनी महागलं. २०२३-२४ मध्ये देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचं प्रमाण १०.९ : ४.४ : १ होतं. आदर्श म्हणून सांगितलं जातं ते ४ : २ : १. जमीन आणि पीक बदललं की हा आदर्शही बदलतो, त्यामुळे त्या तीन आकड्यांची पूजा करण्याचं कारण नाही. पण काटा कुठे झुकलाय ते यातून समजतं. कणगीतून काढणं चालू राहिलं आणि भरणं थांबलं.

पालाश शेतातून जातो कुठे?

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. मोहरीचं पोतं बाजारात गेलं की आपल्याला वाटतं, पालाश त्याच्याबरोबर गेला. तो थोडाच जातो. पिकाने उचललेल्या पालाशपैकी मोठा वाटा काडात, फांद्यांत आणि शेंगांच्या टरफलांत राहतो. हे काड शेतात कुजलं असतं तर पालाश घरचा घरीच राहिला असता. पण मोहरीचं काड टणक असतं आणि जनावरं ते आवडीने खात नाहीत. म्हणून ते वीटभट्ट्यांना आणि काडीकचऱ्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना विकलं जातं. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, शेत मोकळं होतं. आणि पालाश राख होऊन भट्टीच्या मागे पडतो.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, काडाचे पैसे रोख मिळतात. पण भाव ठरवताना त्यातल्या पालाशची किंमत कुणीच धरत नाही. शक्य असेल तिथे निदान टरफलं आणि भुसा शेतात परत जावा, काड बारीक करून कुजवावं. ज्याला विकावंच लागतं त्याने 'आपण पालाशही विकतोय' हे धरून पुढचं खत ठरवावं.

'आमच्या पत्रिकेत तर मध्यम लिहिलंय'

शेताच्या मातीत कोणतं अन्नद्रव्य किती आहे ते सांगणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्याच सुरतगडमध्ये सुरू झाली. पत्रिका चांगलीच आहे, फक्त ती काय मोजते ते कळायला हवं. आपल्याकडच्या प्रयोगशाळा ताटातला आणि डब्यातला पालाश मोजतात. हेक्टरी १०८ किलोच्या आत असेल तर कमी, २८० पर्यंत मध्यम आणि त्यावर जास्त. कणगी या चाचणीत दिसत नाही. अभ्रकाच्या वाळूत आकडा कमी येऊनही पीक तग धरतं, आणि वर्षानुवर्षं उपसलेल्या शेतात आकडा 'मध्यम' येऊनही पीक उपाशी राहू शकतं.

दुसरं म्हणजे, योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना धरलेला होता. रेताड भागात टेकाड आणि खोलगट जागा यांत पन्नास पावलांवर माती बदलते. म्हणून आपल्या शेताचा नमुना वेगळा द्यावा, आणि दर दोन-तीन वर्षांनी आकडा चढतोय की उतरतोय ते पाहावं. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त सांगते.

किती, केव्हा, कसा?

माती परीक्षणात पालाश कमी असेल तर मोहरीला हेक्टरी साधारण २० ते ४० किलो पालाश द्यावा, असा सल्ला सहसा दिला जातो. नेमका आकडा त्या भागातल्या कृषी विद्यापीठाचा धरावा. ४० किलो पालाश म्हणजे ६७ किलो एमओपी. चिकणमातीत हा सगळा पेरणीच्या वेळी दिला तरी चालतो. वाळूत मी विभागून द्यायला सांगेन: निम्मा पेरणीला आणि निम्मा पहिल्या पाण्याच्या वेळी, युरियाच्या वरखताबरोबर. डबा लहान असेल तर पीठ दोनदा आणावं लागतं, इतकी ही साधी गोष्ट आहे.

पेरताना खत बियाण्याला चिकटू देऊ नका. एमओपी हा क्षार आहे आणि वाळूत त्याचा ताव कमी करायला काही नसतं. मोहरीचं नाजूक बी त्यात पोळतं. खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडायला हवं.

'फवारणी केली तर?' हा प्रश्न आपल्याकडचे द्राक्ष आणि कांदा उत्पादक हमखास विचारतील, कारण तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-शून्य-पन्नास (नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्केवारीवरून ओळखली जाणारी विरघळणारी खतं) त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. हिशेब करून बघा. एक टक्का द्रावण, हेक्टरी ५०० लिटर पाणी, म्हणजे ५ किलो खत. तेरा-शून्य-पंचेचाळीस घेतलं तर त्यातला पालाश सव्वादोन किलो. कोरड्या वाळूत मुळांचा रस्ता बंद झालेला असताना फुलोऱ्यानंतर हा घोट उपयोगी पडतो. जेवणाची जागा तो घेऊ शकत नाही.

'एवढं महाग खत परवडतं का?'

पोतं १,७०० रुपयांचं धरू. ६७ किलोचे होतात सुमारे २,२८०. २०२५-२६ च्या हंगामासाठी मोहरीचा हमीभाव क्विंटलला ५,९५० रुपये होता. म्हणजे खर्च भरून यायला हेक्टरी ३८ किलो जास्त मोहरी हवी. हेक्टरी १५ क्विंटल घेणाऱ्यासाठी ही जेमतेम अडीच टक्क्यांची वाढ झाली. जिथे पालाश खरोखर कमी आहे तिथे एवढी वाढ सहज मिळू शकते. जिथे तो भरपूर आहे तिथे हेच २,२८० रुपये वाळूत जातील. म्हणून 'सरसकट टाका' असं मी म्हणणार नाही.

'हे तर मीठच, जमीन खराब होईल'

एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातल्या क्लोराइडची धास्ती अनेकांना वाटते. एका हंगामातल्या साठ-सत्तर किलोंनी जमीन खारवत नाही, आणि वाळूतून क्लोराइड पाण्याबरोबर पटकन खाली जातं. पण विहिरीचं पाणीच खारं असेल, आणि या पट्ट्यात ते अनेक ठिकाणी आहे, तर सल्फेट ऑफ पोटॅश बरं. त्यात ५० टक्के पालाश असतो, शिवाय साडेसतरा टक्के गंधक. मोहरीचा नाकात जाणारा झणका गंधकाच्या संयुगांमुळेच असतो आणि या पिकाला गंधक भरपूर लागतं. अडचण किमतीची. पाणी गोडं असेल तर एमओपी आणि गंधकासाठी जिप्सम किंवा सिंगल सुपर फॉस्फेट, ही जोडी स्वस्त पडते.

शेणखत आणि राख

चांगल्या शेणखतात अर्धा टक्का पालाश धरला तर दहा टनांतून ५० किलो मिळतो, म्हणजे वरची सगळी गरज भागली. शिवाय सेंद्रिय पदार्थ वाळूला थोड्या खुंट्या देतो, ओल धरून ठेवतो. विकतचं खत आणि शेणखत यांत निवड करता येत असेल तर मी शेणखतच निवडेन. अडचण एवढीच, की हेक्टरी दहा टन मिळतं कुठे? बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जातं. तिथेही पालाश राखेत उरतो, तेव्हा ती राख उकिरड्यावर टाकून द्यायची नाही. मात्र या भागातली वाळू आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) आणि राखही तशीच. त्यामुळे ती खतात थोडी थोडी मिसळून वापरावी, शेतात ढीग ओतू नये.

आणि महाराष्ट्राचा संबंध?

भारत एमओपी जवळजवळ सगळं आयात करतो, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून. युद्ध तिकडे पेटलं की पोतं इकडे महागतं, हे २०२२ मध्ये पाहिलं. राजस्थानात बिकानेर, हनुमानगड, श्रीगंगानगरच्या वाळूखाली शेकडो मीटर खोल पालाशचे थर सापडलेले आहेत. पाणी सोडून, विरघळवून ते वर काढता येतील का हे तपासण्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. मोहरीच्या मुळांना त्यांचा लाभ व्हायला अजून वेळ आहे.

त्याहून जवळचा साठा आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात आहे. उसाने जमिनीतून उचललेला पालाश मळीत उतरतो, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर सांडपाण्यात येतो, आणि ते सांडपाणी भट्टीत जाळलं की राखेत. पुन्हा राखच! या राखेच्या खतात किमान साडेचौदा टक्के पालाश असतो आणि २०२१ पासून ते अनुदानाच्या यादीत आहे. ते पुरेसं तयार होऊन उसाच्या शेताला आणि उत्तरेतल्या मोहरीलाही मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भात आता मोहरीचे प्लॉट दिसू लागलेत, त्यांच्यासाठी एक इशारा. काळ्या मातीत डबा मोठा असतो आणि पालाशचा आकडा बहुधा जास्त येतो. हरियाणाच्या वाळूचा डोस अकोल्यात जशाचा तसा टाकू नका. इथल्या मातीचं परीक्षण आणि इथल्या विद्यापीठाचा सल्ला पाहा.

वाळू असो की काळी, शंका वाटत असेल तर स्वतःच्या शेतात एक पट्टा पालाश न देता सोडा. बी, पाणी, युरिया, पेरणीची तारीख सगळं सारखं ठेवा. दोन्हीकडे सारखी लांबी-रुंदी मोजून खुंट्या ठोका, मळणी वेगळी करा आणि वजन वहीत लिहा. एका वर्षाच्या आकड्यावर थांबू नका, तीन रब्बी करा. आणि त्या वहीत एक रकाना काडाचाही ठेवा: किती निघालं, कुठे गेलं.